बोल्टाखालचा रंग

मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. हे मी आजही सांगतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. तलमडुगूकडच्या कोरडवाहू रानात कापूस वेचणाऱ्या घरातून कॉलेजात जायचं आणि विजेचे धडे गिरवायचे, म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. नव्वदनंतरच्या पहिल्या वर्षांत आदिलाबादच्या एका धर्मादाय नेत्र-दवाखान्यात मला नोकरी लागली. त्यांची एक फिरती गाडी होती. तिच्यावर नोंदी ठेवायच्या, औषधं सांभाळायची आणि पदवी आहे म्हणून यंत्रांवरही लक्ष ठेवायचं, हे माझं काम.

गाडी परदेशातून देणगीत आलेली. आत पलंग, बेसिन, छोटा ओटा. लोक तिला चालतं घर म्हणत. पुढची सीट मागे फिरायची. तिच्यावर बसून, पडदे ओढून आमच्या साठीच्या डॉक्टरबाई डोळे तपासायच्या. अंधार हवा म्हणून काचा बंद, आणि काचा बंद म्हणून इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डातला एसी लावायचा.

त्या एप्रिलात नार्नूरच्या शाळेच्या पटांगणात आमचा मुक्काम होता. हिवाळाभर एसी कोणी लावला नव्हता. पहिल्याच दिवशी बटण दाबलं, तर पंखा फिरला पण हवा भट्टीची आली. तासाभरात बाईंना घेरी आली. त्यांना व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर कॅम्प बंद करून परत जाऊ. आणि ऑफिसात कैफियत पाठवा, हे कोणामुळे झालं त्याची.

मी बॉनेट उघडलं. एसी लावला की कंप्रेसरच्या तोंडावरची चकती टक् करून फिरत्या पुलीला चिकटायला हवी. ती ओढणारं चुंबक, म्हणजे तारेची कॉइल, विजेवर चालतं. पुली फिरत होती, चकती जागची हलत नव्हती. फ्यूज पाहिला, चांगला होता. गॅसची टोपी काढून खिळ्याने दाबलं, फुस्स झालं, गॅस होता. मग बॅटरीवरून थेट एक तार आणून कॉइलच्या लाल तारेला लावली. टक् नाही. थेट वीज देऊनही हलत नाही, म्हणजे कॉइल जळाली. मी तसं जाहीरच करून टाकलं.

आणि कॉइल जळाली कशी? आमचे ड्रायव्हर इंजिनावर बादलीने पाणी मारायचे, ते मी पाहिलं होतं. वयाने माझ्या वडिलांएवढे, मी त्यांना काका म्हणायचो. शिक्षण चौथी. नोकरी दर वर्षी नव्याने मिळायची. एखादा वाईट कागद वर गेला की संपलं. हे मला माहीत होतं. तरी मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: चालकाच्या निष्काळजीपणामुळे कॉइल जळाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे लिफाफा दिला. तेव्हा कागद असेच जायचे. आदिलाबादच्या स्टँडवरून ऑफिसचा शिपाई घेऊन जायचा.

काकांनी विचारलं, "काय लिवलं भाऊ?"

"जे आहे ते," मी म्हणालो.

बस गेली आणि माझं चित्त उडालं. व्हरांड्यात बसलो, उठलो. बॉनेटशी गेलो, परत आलो. जळालेल्या कॉइलला वास येतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एक जाळली होती, तो वास मी विसरलो नव्हतो. इथे नाक लावून लावून हुंगलं. नुसता ऑइलचा वास. नऊ वाजले, दहा वाजले. डोळ्यांवर पदर धरलेल्या बाया निंबाखाली सरकत सरकत सावलीबरोबर चालल्या होत्या.

"काऊन फिरून राह्यले भाऊ?" काका म्हणाले. "गाडीले प्रदक्षिणा घालून राह्यले का?"

मी त्यांना वासाचं सांगितलं. ते उठले, इंजिन सुरू केलं, तारेचा एक तुकडा घेतला आणि म्हणाले, "विजेले जायचा रस्ता देला तुमी. वापस कुठून येईन ते?"

मी लावलेली तार त्यांनी तशीच ठेवली. आपली तार कॉइलच्या दुसऱ्या, काळ्या तारेपासून बॅटरीच्या उण्या टोकाला नेली.

टक्.

चकती फिरू लागली. काका काळ्या तारेवरून बोट नेत नेत कंप्रेसर धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीवर आले. तिथे ती तार एका बोल्टाखाली आवळलेली होती. बोल्टावर सुकलेलं हळदकुंकू, आणि त्याखाली चकचकीत रुपेरी रंग.

तो रंग माझा होता. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची, गाड्यांची पूजा होते. दवाखान्याची गाडी तेलकट दिसू नये, म्हणून मी पूजेआधी पट्ट्यांच्या तारा सोडल्या, ऑइलपेंट मारला आणि तारा पुन्हा रंगावरच आवळल्या. काकांनी मग प्रत्येक बोल्टाला कुंकू लावलं. वीज बॅटरीकडे परत जाते ती गाडीच्या लोखंडातून, आणि रंगातून वीज जात नाही. हे मला परीक्षेत आलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

काका चाकूने रंग खरवडू लागले. "कलर मस्त मारला होता बरं," म्हणाले.

बाई आत बसल्या, पहिली म्हातारी आत गेली. मी काकांना बाजूला घेतलं आणि कागदात काय लिहिलं ते शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी फडक्याने हात पुसले.

"तुमचा कागद सायेब वाचतीन," ते म्हणाले. "माहं तोंड कोन वाचते?"

बाईंना विचारून मी दुपारची बस धरली. उतनूरपर्यंत उभाच होतो. पुढे जागा मिळाली तरी बसवलं नाही. ऑफिसात पोचलो तेव्हा माझा कागद साहेबांच्या टेबलावर होता, कडेला लाल शाईत लिहिलेलं: नवा चालक पाहावा. मी त्यांच्यासमोर दुसरा कागद लिहिला. कॉइल ठीक आहे. तार मी रंगावर बसवली. चालकाचा दोष नाही. तीनच वाक्यं, पण दुसऱ्या वाक्यातला 'मी' लिहायला फार वेळ लागला.

साहेब म्हणाले, पदवी पाहून तुम्हाला यंत्रांवर ठेवलं होतं. यंत्रांचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण लाल ओळ त्यांनी माझ्यासमोर खोडली.

सकाळच्या बसने नार्नूरला उतरलो, तर काका स्टँडवर उभे.

"पोचला का कागद?"

"पोचला."

"मंग चाला. बाई म्हन्ते थंडी वाजून राह्यली, जरा कमी करा. तुमी सांगा कोनतं बटन."