क्लचपर्यंत न पोहोचलेला पाय

ज्यांचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझे थोरले मामा. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ते एसटीत ड्रायव्हर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि माझी फी, पुस्तके, पास हे सगळे आप्पांनी केले. पोलीस खात्यातल्या नोकरीतल्या अनेक तपासांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण शिरूर-न्हावरे रस्त्यावरच्या त्या दुपारच्या अपघाताचा तपास मी विसरू शकत नाही, कारण तो आप्पांमुळे उलगडला.

शिरूरकडच्या कारखान्यातून सुटे भाग घेऊन दौंडकडे निघालेला ट्रक सरळ रस्त्यावरून खाली उतरला. कडेला भाजीचे क्रेट लावत असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याने उडवले. जीव वाचला, पण एक पाय गेला. घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः केला. रस्त्यावर ब्रेकची एकही खूण नव्हती. ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी झाली. दारूचा अंश नव्हता. तो पस्तिशीचा, कवठे येमाईकडचा. विचारले की एकच उत्तर देई, "माझीच चूक हाय साहेब. लिहून घ्या."

मी लिहून घेतले. कबुली देणारा आरोपी मिळाला की तपास संपल्यासारखे वाटते, ही आमच्या खात्यातली जुनी सवय. ती मलाही होती.

दुसऱ्या दिवशी ट्रकचा मालक ठाण्यात आला. पांढरे कपडे, हातात ड्युटी रजिस्टर. बसायला सांगायच्या आधीच बसला.

"साहेब, आमच्या प्रत्येक गाडीवर दोन ड्रायव्हर. आठ-आठ तास, कायद्यात हाय तसं. ह्या बघा दोघांच्या सह्या. दुसरा गडी अर्धा तास आधीच शिरूरला उतरला होता. आता ह्यो पोरगा मोबाईल बघत बसला आसंल, त्याला मी काय करू?"

रजिस्टर नीटनेटके होते. ड्रायव्हरने मालकाकडे पाहिले आणि मान खाली घातली. दोषी ठरला तर तुरुंगवास होणार आणि लायसन्स जाणार, हे त्याला कळत होते. घरात कमावणारा तो एकटाच.

त्याच संध्याकाळी रस्त्यावर चहाचे हॉटेल चालवणारी एक मावशी जेवणाचा डबा घेऊन ठाण्यात आली. ड्रायव्हर तिच्याकडे डबा धुवायला टाकून पुढे गेला होता. तोच डबा भरून आणला होता.

"पोराला येवढा द्या. आन् साहेब, त्यो झोपला आसंल बघा. दिसाला तीनदा जातो माझ्या दारावरनं. चहा बी स्टेअरिंगवर बसूनच घेतो."

"दुसरा ड्रायव्हर उतरून चहा घेत नाही?"

"दुसरा?" मावशी हसली. "चार वर्षं चहा देतीया. त्या केबिनीत दुसरं डोस्कं मी बघितलंच न्हाई."

मी दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावणे धाडले. चाळिशीचा, अगदी बुटका, शांत माणूस. लायसन्स खरे, रजिस्टरवरची सही त्याचीच. कुठून चढलो, कुठे उतरलो, किती वाजता, सगळे त्याने घडाघडा सांगितले. फिरवून विचारले तरी वेळा चुकल्या नाहीत. खरे बोलणारा माणूस मध्ये थांबतो, आठवतो, एखादी वेळ चुकतो. हा एकदाही थांबला नाही. पण नुसता संशय कोर्टात चालत नाही.

ठाण्याच्या आवारात तो ट्रक उभा होता. डावा कोपरा चेपलेला, ड्रायव्हरची बाजू शाबूत. त्याच्याकडे बघताना मला आप्पा आठवले. दुसऱ्याची गाडी ताब्यात घेतली की ते चावीला हात लावण्याआधी सीटखालचा दांडा ओढून सीट मागेपुढे करत, मग आरसा वळवत. मला म्हणत, "ड्रायव्हर बदलला की सीट बदलती. एका मापात दोन माणसं बसत न्हाईत."

मी मोटार वाहन निरीक्षकांना आणि दोन पंचांना बोलावले. त्या बुटक्या गृहस्थाला म्हणालो, "बसा बरं तुमच्या जागेवर. क्लच दाबून दाखवा."

तो चढला, टेकून बसला आणि पाय लांब केला. पाय क्लचपासून वीतभर अलीकडेच राहिला. सीटच्या काठावर सरकला, तर स्टेअरिंग हनुवटीला लागले.

आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, पाव्हण्यांना पाट आणू का?"

पंचही हसले. मी म्हणालो, "सीट पुढे घ्या की. रोज घेत असाल."

त्याने खाली हात घातला. दांडा गंजून बसला होता आणि तारेने बांधलेला होता. तारही गंजलेली. निरीक्षकांनी नोंद केली की ही सीट कित्येक महिन्यांत हललेली नाही. त्याने दांड्यावरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "मी मालकाच्या गोठ्यावर आसतो साहेब. गाडी सोडून सहा वर्षं झाली. म्हैना संपला की रजिस्टर येतं, मी सह्या करतो. ह्या वेळी अपघाताच्या रातीच आलं."

पंचनामा घेऊन मी कोठडीतल्या ड्रायव्हरसमोर बसलो. आधी डबा दिला. जेवण झाल्यावर विचारले, "ती कितवी खेप होती?"

"तिसरी. आदल्या दिवशी बी तीन. डोळा लागला." आता तो थांबून थांबून बोलत होता. "पगार खेपेवर हाय साहेब. दोन खेपात घर चालत न्हाई, येवढा कमी. गाडी पाच मिनिटं उभी राहिली की जीपीएसवर दिसतं, लगीच फोन. जमत न्हाई म्हणलं तर म्हणत्यात, चावी ठेव, दारात धा जण उभे हायत."

"मग चूक तुझी कशी?"

"मालक वकील देतो म्हणले, जामीन करतो म्हणले. फकस्त तोंड उघडायचं न्हाई."

त्याच्या मोबाईलचे कॉल तपशील मागवले. अपघाताच्या काही मिनिटे आधीचा शेवटचा फोन मालकाचा होता. मालकाला समोर बसवून कागद दाखवले. तो बराच वेळ चाळत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, ह्या लाईनीत सगळेच असं करत्यात."

"ठीक आहे. सगळ्यांची नावं सांगा, लिहून घेतो."

खोटे रजिस्टर बनवल्याबद्दल आणि बेकायदा तास गाडी चालवायला भाग पाडल्याबद्दल मालकालाही आरोपी केले. कामगार कार्यालयाला अहवाल पाठवला. त्यांनी त्याच्या बाकीच्या गाड्याही तपासल्या. ड्रायव्हरवरचा खटला सुटला नाही. म्हाताऱ्याचा पाय त्याच्याच गाडीखाली गेला होता, आणि ते त्याने कोर्टात स्वतः सांगितले. पण या वेळी पूर्ण सांगितले. कोर्टाने शिक्षा सौम्य दिली आणि मालकालाही सोडले नाही.

या तपासाने मला शिकवले की पटकन आलेली कबुली हा तपासाचा शेवट नसतो. चूक कबूल करणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे, ते पाहावे लागते. नंतर मी ठाण्यातल्या नव्या पोरांना सांगत असे, अपघातात आधी गाडीत बसून बघा.

दोषारोपपत्र दाखल केले त्या दिवशी आप्पांना हाताने पत्र लिहिले. ते त्यांनी जपून ठेवले होते, म्हणून इथे देता येते.

"तीर्थस्वरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

आज एका ट्रकच्या केसचे काम पुरे झाले. तुम्ही शिकवलेली सीटची गोष्ट कामाला आली. पण पत्र त्यासाठी नाही.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या पेपरचा दिवस तुम्हाला आठवत असेल. दौंडच्या स्टँडवर तुमची ड्युटी संपली होती आणि पुढचा ड्रायव्हर यायचा होता. शिरूरची गाडी भरलेली होती. तेवढी एक फेरी करा म्हणून लोक ओरडत होते, मीसुद्धा. तुम्ही म्हणालात, डोळ्यावर झापड आहे, आता स्टेअरिंगला हात लावणार नाही. आणि सगळ्यांच्या शिव्या खात खाली उतरलात. मी पुढे वर्षभर तुमच्याशी नीट बोललो नाही. त्याची आज माफी मागतो.

या केसमधल्या ड्रायव्हरला उतरता आले नाही, आप्पा. त्याचे वय माझ्या धाकट्या भावाएवढे आहे. परवा त्याचा जबाब लिहिताना मला तो स्टँड दिसत होता आणि गाडीत बसलेली माणसे दिसत होती. त्यांत मीही होतो.

त्या दिवशी मी पेपरला अर्धा तास उशिरा पोहोचलो. पण पोहोचलो.

तुमचा भाचा"