तेलाला सरळ उतार

माझ्या थोरल्या साडूंनी हुमनाबादच्या हायवेला गॅरेज घातलं नसतं, तर पुणे-हैदराबाद रस्त्यावरच्या निम्म्या लाऱ्या स्वतःच्याच धुरात हरवल्या असत्या, हे मी शपथेवर सांगतो. त्या वर्षांत जुन्या इंजिनांना टर्बो बसवायची साथच आली होती. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा लोखंडी शंख. सगळे त्याची शिट्टी ऐकून खूश. साडू मात्र वाकून त्यातून परतणाऱ्या तेलाची नळी बघत. तेल आत जातं पंपाच्या जोरानं, पण बाहेर येतं ते केवळ आपल्या वजनानं. त्याच्या वाटेत चढ, वेटोळं, खोलगटपणा काही नको, हा त्यांचा धर्म. आणि हा धर्म गॅरेजात मावत नसे. शेजाऱ्याच्या नव्या मोरीत ते न बोलावता जाऊन बादली ओतून बघत. देवळात पिंडीभोवती पाणी तुंबलेलं दिसलं, तर भर आरतीत पुजाऱ्याला म्हणाले, "स्वामी, नळी बदला. देव बुडायलाय."

अशा माणसाच्या एकुलत्या लेकीचं लग्न. अफजलपूरचं वऱ्हाड नवरदेवाच्या काकांच्या लारीतून आलं, मागे निळा धूर सोडत. साडूंनी अक्षता टाकल्या त्याही रस्त्यावरच्या त्या लारीकडे बघत. पाठवणीची वेळ झाली, ओटी भरून नवरी उभी, आणि तिचा बाप नव्या धोतरासकट लारीखाली!

"नळीला ढेरी सुटलीया!" खालून आवाज आला. "तेल तुंबून जळायलंय. असल्या लारीत माझी लेक बसणार न्हाई."

नवरदेवाचे काका तापले. "पाव्हणं, आम्ही सून न्यायला आलोय का लारी दाखवायला? निघा बाहेर, न्हाईतर ठेवा लेक घरातच!"

मी वाकून म्हटलं, "अण्णा, सोयरीक मोडायलीय. या की बाहेर!"

"मोडू दे. कामून घाबरायलास? पाना दे."

पाना माझ्याआधी नवरीनंच सरकवला, मेंदीच्या हातानं. मग काकांकडे वळून म्हणाली, "मामंजी, वाटेत लारी बसली तर नाव तुमचं जाईल. आमचे अप्पा काम झाल्याबिगर उठणार न्हाईत. बसा, च्या घ्या."

काका बाजेवर टेकले.

साडूंनी टर्बोचा मधला भाग फिरवून तेलाचं तोंड थेट जमिनीकडे केलं, आणि तिथून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरपर्यंत आखूड, रुंद, सरळ नळी टाकली. लारी सुरू झाली. साचलेला धूर एकदा भकभकला, मग विरत विरत संपला. काकांनी कान देऊन ऐकलं. "व्हय, आता बरी बोलायलीय," ते म्हणाले, आणि सुनेला चढायला स्वतः हात दिला.

शालू खराब होईल म्हणून साडू काळ्या हातांनी लेकीला जवळ घेईनात. लारी गेली, वळणाआड झाली, तरी ते रस्त्यातच उभे.

"अण्णा, आता काय बघायलाव? धूर न्हाई, काय न्हाई."

"तेच की," ते म्हणाले. "असता, तर अजून जरा दिसली असती."