माळकऱ्याच्या तोंडाचा वास

कळंब्याच्या घरासमोर माझा मुलगा आमच्या जुन्या व्हॅनला डिस्क ब्रेक बसवतोय. गावाकडे झालेल्या अपघातानंतर ती शेडमध्येच पडून होती. काल त्याने मागचं चाक उघडलं, तर आतून काकवीसारखं काळं, चिकट काहीतरी गळलं. रबरं फुगून लिबलिबीत झाली होती.

"शी! आबा, ब्रेकमध्ये इंजिनचं ऑइल कुणी वतलंय? त्यानं रबरं फुगत्यात, मग ब्रेकच लागत न्हाय."

त्या 'शी'सरशी मला गावच्या डेअरीची भिंत दिसली. व्हॅन तिच्यावर आदळली होती, कॅन उलटून दूध गटारात चाललं होतं. आमचा ड्रायव्हर दत्तू बाजूला उभा होता. "मालक, ब्रेकच लागला न्हाय."

त्या सकाळी ब्रेकचं ऑइल संपलं, म्हणून हाताला लागलं ते इंजिनचं ऑइल मीच ओतलं होतं. माणसं जमली, तसं मी दत्तूच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि मोठ्यानं म्हणालो, "शी! प्यालाय ह्यो."

"मालक, माळ हाय की गळ्यात!"

"माळ घालून बी पित्यात, पावणं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दत्तूने तिथेच तुळशीची माळ काढून खिशात ठेवली. ती पुन्हा त्याच्या गळ्यात दिसली नाही.

आता दत्तू नाही. त्याच्या पोरांना मात्र गाव अजून 'बेवड्याची पोरं' म्हणतं. म्हणून लिहितोय. त्याच्या तोंडाला लसणाच्या चटणीचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता. घाण वास येत होता तो माझ्या हातांना.