काकींची ऊब

शेजारच्या काकांचा उजवा हात बर्फाच्या कारखान्यातल्या यंत्रात गेला, तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. तेव्हापासून ते प्लास्टिकचा हात लावतात. चहाचा ग्लास आधी डाव्या हाताने चाचपतात आणि मगच उजव्यात धरतात.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका इस्पितळाने त्यांना चाचणीसाठी बोलावलं. प्लास्टिकच्या बोटांत बारीक पट्ट्या बसवल्या. त्या पट्ट्यांना गरम-गार लागलं की काकांना ते गेलेल्या बोटांतच जाणवायचं. काकींनी तो हात हातात घेतला, तेव्हा काका सगळ्यांसमोर रडले म्हणे.

परत आल्यापासून काकी रोज संध्याकाळी पडवीत तीच बोटं धरून बसतात. काल मीही तिथे होतो.

"कळतंय ना ओ?" काकींनी विचारलं.

"कळतंय तर! आता भांडी घासून आलीस ना, गार हाय तुझा हात."

काकी लाजून हसल्या आणि दिवा लावायला आत गेल्या.

काका माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "चाचणी संपली तेव्हाच पट्ट्या काढून घेतल्या त्यांनी. हिला सांगायचं रोज ठरवतो, पण धीर होत नाय."