उशिराचे कारण

त्या आजीचा मला पहिल्या मिनिटापासून राग आला. सारंगखेड्याकडच्या एका गावातून ती दीड वर्षाच्या नातवाला घेऊन भर दुपारी आमच्या बालरुग्ण विभागात आली. सोबत तिची लेक, मुलाची आई. बाळंतपणानंतर बऱ्याच महिन्यांनी माहेरी आलेली. मुलाला ताप, एक झटका येऊन गेलेला, मान ताठ. मेंदूज्वर असावा हे मला हात लावताच कळलं. आणि त्याच्या मनगटावर काळा दोरा होता.

मी तेव्हा लहान मुलांच्या मेंदूज्वरावर संशोधन करत होते. त्यात एक अट होती: प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यायच्या आधी पाठीतलं पाणी काढायचं, तेही खास नळीत. नळ्या कपाटात होत्या. किल्ली माझ्या सहायकाकडे, आणि तो जेवायला गेलेला. अशा वेळी इंजेक्शन आधी द्यायचं असतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले होते.

मी थांबले.

"पोऱ्यानं आंग तपी ऱ्हायनं. सुई कव्हय देशी?" आजी.

"थांबा जरा."

"कोनी वाट देखी ऱ्हायनी तू? कोनी सायब येवाव शे का?"

मी भडकले. "भगताकडं गंडे-दोरे करत दिवस घालवायचा आणि इथं येऊन घाई करायची!"

"कोन्हा भगत वं? दोरा मी बांधा. गाडीमा बसता बसता बांधा."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर ऐकलं, पण मानलं नाही. त्या भागातल्या माणसांबद्दल माझं मत आधीच तयार होतं, आणि दोरा त्याला पुरावा म्हणून पुरला. पाऊण तासानं किल्ली आली. मी पाणी काढलं, मग इंजेक्शन दिलं.

मूल वाचलं. ऐकू येणं मात्र गेलं. पाऊण तासामुळे गेलं की जाणारच होतं, हे मला सांगता येत नाही. या आजारात असं होतं, हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं त्याला गणती नाही. पण संशोधनाच्या फॉर्मवर 'उशिराचे कारण' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं: आधी भगताकडे नेले. मुलाला घरी सोडताना दिलेल्या कार्डावरही तेच लिहिलं. अशा रकान्यांच्या आधारावर मी पुढे भाषणं दिली.

पाचेक वर्षांनी आई-बाप मुलाला कर्णबधिरत्वाच्या दाखल्यासाठी घेऊन आले. बाप म्हसावदकडचा, शाळेत नोकरीला. आजी आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. त्यांच्यामागून आत येऊन तिनं नातवाला जवळ ओढलं, तसा बाप म्हणाला, "हात लावू नका त्याला. तुमच्या भगतानं त्याचं काय केलंय ते बघताय ना?"

"मी भगतकडे गयी नही."

"कागदावर आहे. कागद खोटं बोलतो का?" त्यानं माझ्यापुढे कार्ड टाकलं. "मॅडम, तुमचंच अक्षर. त्या दिवसापासून मी बायकोला माहेरी पाठवलं नाही. चुकलं का माझं?"

लेक आईला चिकटून उभी होती. आईला भेटायला तिच्याकडे दवाखान्याखेरीज दुसरी जागा उरलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "त्या भगताकडे गेल्या नव्हत्या. सरळ इथं आल्या होत्या. उशीर मी केला."

"काय?"

मी नळी, किल्ली, पाऊण तास, सगळं सांगितलं. तो उभा राहिला. "आणि एवढी वर्षं तोंड शिवलं होतं का तुमचं?"

आजीनं कार्ड उचलून माझ्यासमोर ठेवलं. "आते लिख. मन्हा समोर लिख."

मी जुनी ओळ खोडली. खाली लिहिलं: घरच्यांनी वेळेत आणले. उपचारास विलंब डॉक्टरकडून. सही केली, शिक्का मारला.

आजीला वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड जावयापुढे धरलं. "वाच. जोरमा वाच."

त्यानं वाचलं. 'वेळेत आणले' इथवर वाचून तो कार्ड परत देऊ लागला, तरी तिनं त्याला शेवटपर्यंत वाचायला लावलं. मग कार्ड आपल्या पिशवीत टाकलं, नातवाचा हात धरला आणि लेकीला म्हणाली, "चाल माय, घर चाल."

जावई आडवा आला नाही. माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.