गाडीला ताई दिसेनात

कार्तिकातल्या एका मंगळवारी माझे साडू गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला, आणि अकराच्या सुमारास गेले.

तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतो आहे. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात वजनकाट्यापासून करावी लागते. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून आमचे जेवढे नातेवाईक आहेत, त्यांतल्या एकालाही शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी वजन न करता गाडीत पुढे बसवलं नाही. काटा डिकीतच असे. लग्नाला निघालेल्या, शालू नेसलेल्या आत्याबाईंनाही सोसायटीच्या फाटकात काट्यावर उभं राहावं लागलं, आणि साडूंनी आकडा वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. आत्याबाईंनी वर्षभर अबोला धरला. "नाही बोलल्या तर नाही," साडू म्हणाले, "एअरबॅग तर उघडेल."

या सगळ्याचं मूळ स्टिअरिंगच्या बाजूला लागणारा एक पिवळा दिवा होता. शेजारच्या सीटवर कोणी बसलं की सीटखालच्या सेन्सरला ते कळावं आणि दिवा विझावा, अशी योजना. दिवा जळत राहिला तर समजायचं, गाडीच्या लेखी ती सीट रिकामी आहे आणि टक्कर झाली तर तिथली एअरबॅग उघडणार नाही. मी बसलो की दिवा विझे. आत्याबाई बसल्या की दार लावायच्या आधीच विझे. पण साडूंची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ज्यांना मी ताई म्हणतो, त्या बसल्या की दिवा आपला जळतच राही. ताई चव्वेचाळीस किलोच्या. साडूंनी निदान केलं, वजन कमी पडतं.

साडूंची सगळी नोकरी मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात, माल तपासण्याच्या खात्यात गेली. तिथली रीत अशी की खोट निघालेल्या नगाला लाल टॅग बांधायचा, आणि ज्यानं बांधला त्यानंच तो सोडायचा. मॅनेजरनंसुद्धा हात लावायचा नाही. निवृत्त झाल्यावर ही रीत ते घरी घेऊन आले. गळक्या नळाला टॅग, डुगडुगत्या स्टुलाला टॅग, एका दिवाळीत माझ्या बायकोनं पाठवलेल्या अनारशांच्या डब्यालाही टॅग. तसाच एक गाडीच्या पुढच्या सीटला लागला आणि ताईंची रवानगी मागे झाली. क्वचित कुणा जाड्या नातेवाइकाला पुढे बसवायचं झालं, की साडू टॅग स्वतः सोडत आणि घरी आल्यावर पुन्हा बांधत.

ताईंना हे फार लागलं. लग्नानंतर वीस वर्षं त्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या. गाडी आली तेव्हा पुढच्या काचेतून समोरचा रस्ता पाहायला मिळाला, याचंच त्यांना कोण कौतुक होतं. एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "सासूबाईंना मी कधी दिसले नाही, आता गाडीलाही दिसत नाही. भाऊजी, तुम्हीच सांगा, मी आहे ना?"

साडूंनी उपाय कमी केले नाहीत. दोन महिने त्यांनी ताईंना शेंगदाण्याचे लाडू, केळी आणि तूप खाऊ घातलं. सोबत म्हणून स्वतःही खाल्लं. ताई चव्वेचाळीसवरच राहिल्या, साडू साडेतीन किलोंनी वाढले. सर्व्हिस सेंटरमधल्या पोरांनी सेन्सर ओके असल्याचं सांगून काकूंना आणखी खायला घालण्याचा सल्ला दिला. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या सीटकव्हरच्या दुकानदारानं तर सगळा प्रश्न एका वाक्यात सोडवला. "अंकल, बत्तीची वायरच काढून टाकू, बत्ती नाय तर टेन्शन नाय." साडू त्या दिवशी जेवले नाहीत. जग बुडणार ते अशाच माणसांमुळे, असं ते आठवडाभर सांगत होते.

मग मे महिन्यात त्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याच्या मुलीचं लग्न निघालं, बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावर. ताईंनी अट घातली, पुढे बसेन, नाहीतर येणार नाही. साडूंनी टॅग सोडला, वीस किलोची तांदळाची गोणी सीटवर आडवी पसरली आणि ताईंना तिच्यावर बसवलं. दिवा विझला. मी आणि माझी बायको मागे. ताईंचं डोकं छताला टेकत होतं, पण त्या एखाद्या अंबारीत बसल्यासारख्या दिसत होत्या.

पाड्यावर पोचल्यावर घोटाळा झाला. यजमानांनी गाडीचं दार उघडलं, गोणी पाहिली आणि ती आहेर समजून दोघांकडून आत पोचवली. "सायेब, आमच्याकडं तांदूळ नाय काय?" ते भातशेती करणारे गृहस्थ म्हणाले, पण डोळ्यांत पाणी होतं. ही ताईंची बैठक आहे, हे सांगायला साडूंची जीभ रेटेना. निघताना परतभेट म्हणून फणस मिळाला. डिकीत जागा करेपर्यंत साडूंनी तो पुढच्या सीटवर ठेवला आणि गाडी चालू केली.

दिवा विझला. वर बेल्ट लावण्याची सूचना म्हणून गाडी टुणटुण वाजू लागली, तेव्हा साडूंनी सवयीनं फणसाला बेल्ट लावला.

ताई दाराशी उभ्या होत्या. "फणस दिसला," एवढंच म्हणाल्या.

साडूंनी चष्मा काढून पुसला. मग काटा काढून त्या मांडवासमोरच फणसाचं वजन केलं. सोळा किलो. सगळं वऱ्हाड बघत होतं. साडू ताईंकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, मी मालच तपासत बसलो. मोजायचं साधन आधी तपासायचं असतं. तुझ्यात काही कमी नव्हतं." परतताना ताई मागेच बसल्या, खिडकीबाहेर बघत, पण हसत होत्या.

दुसऱ्याच दिवशी तो फणस पुरावा म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. सीटखालची सेन्सरची चटई एका बाजूनं बाद झाली होती, आणि ताईंची बसण्याची बाजू नेमकी तीच. नवीन चटई गणपतीपर्यंत आली. साडूंनी ताईंना सात वेळा बसवून उठवलं, सातही वेळा दिवा विझला, तेव्हा कुठे सीटचा टॅग कायमचा सुटला. पुढचे दोन-अडीच महिने ती दोघं रोज संध्याकाळी कुळगावातून एक फेरी मारत. कुठे जायचं नसे.

ते गेल्यावर गाडी बरेच दिवस दारात उभी होती. विकायची का, असं मीच विचारलं. ताई म्हणाल्या, "शिकते." अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी लायसन्स काढलं. साडू उंच होते, त्यांची सीट पार मागे सरकवलेली. ती हलवायची नाही म्हणून ताई पाठीशी दोन उशा घेऊन चालवत. मी शेजारी बसायचो.

गेल्या महिन्यात त्यांनी उशा काढून मागे ठेवल्या आणि सीट पुढे ओढून घेतली. गाडी ताईंकडेच आहे. रविवारी त्या मोरिवलीपर्यंत जाऊन येतात.