आंजर्ल्याचे तेवीस फोन

२००८च्या मंदीत रत्नागिरीतल्या एका कॉल सेंटरला शोध लागला, की आपल्याकडे माणसं चाळीस आहेत आणि पंधरा पुरतात. मुंबईच्या साहेबांनी मग स्पर्धा लावली. मोबाइल बंद करायला निघालेली गिऱ्हाइकं शनिवारी दिवसभरात जे सर्वांत जास्त थोपवतील, ते पंधरा राहणार. फळ्यावर आकडे चढू लागले. बारावीचा निकाल वर्षातून एकदा लागतो. इथे दर तासाला लागत होता.

दुपारी चारला अक्षया पाटकर अठ्ठाविसावी होती. आकडा अकरा. तिची खोड जुनी: आधी गाव विचारायचं, मग तक्रार. तीन मिनिटांचा फोन नऊ मिनिटं चाले.

"नोकरी करतेस की सोयरिकी जमवतेस?" शेजारचा यज्ञेश म्हणाला. तो पहिला होता.

साडेचारला महिपत खोतांचा फोन आला. "फोन बंद करायचाय."

"गाव कुठलं, काका?"

"आंजर्लं. वाडीत रेंज नाही, बोलायला गणपतीच्या देवळापर्यंत चढावं लागतं. बैठकीत ठरलंय, वाडीचे तेवीसही फोन बंद. सकाळी तुमच्यातले दोघे म्हणाले, एका फोनवर एकच नंबर बंद होतो."

अक्षया खुर्चीतून उठली. "बैठक संपली?"

"छे. सगळे इथेच पायऱ्यांवर आहेत."

"मग मला बैठकीत घ्या."

महिपतांनी स्पीकर लावला. अक्षया म्हणाली, "फोन बंद केलेत तर टॉवरची तक्रार कुणाच्या नावावर घालू? गिऱ्हाईक नसलेल्याचं कंपनी ऐकत नाही. असलेल्याचंही फारसं ऐकत नाही. पण एका दिवशी तेवीस तक्रारी गेल्या, तर कुणाला तरी वाचाव्याच लागतील. दोन महिने द्या."

पायऱ्यांवर वाद पेटला. त्यातून एका बाईचा आवाज वर आला. "मी कमलाकाकू. दोन महिन्यांनी विचारायचं कुणाला गो? तू असशील तिथे?"

"आज फोन चालू ठेवलेत तर असेन. नाहीतर सोमवारपासून घरी."

वाद तिथेच मिटला.

"हे आधी सांगायचंस ना गो," महिपत म्हणाले. "अर्धा तास आम्ही टॉवरवर भांडतोय."

वाडीने दोन महिने दिले. फळ्यावर अकराचे चौतीस यज्ञेशनेच केले, खडू दोनदा मोडून.

संध्याकाळी अक्षयाला दोन कागद मिळाले. एक नोकरी राहिल्याचा. दुसरा, एकच फोन सदतीस मिनिटं चालवल्याबद्दल ताकिदीचा.

सोमवारी नऊला पहिला फोन कमलाकाकूंचा, नाव सांगून अक्षयालाच मागितलेला. तक्रार काही नव्हती.

"आहेस का, ते बघायला केला," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. तेवढ्यासाठी देवळापर्यंत चढल्या होत्या.